५०% वाली ऑफर की २५% वाली? बोर्डिंग शाळांच्या फी-मदतीची तुलना कशी करायची

ताई, तुमचा प्रश्न आणि नंतर टाकलेले दोन्ही शाळांचे फीचे तक्ते नीट वाचले. मागाहून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. मुलगी जूनमध्ये सातवीत जाणार आणि दोन खाजगी निवासी शाळांच्या ऑफर हातात आहेत. पहिली उत्तरेकडच्या डोंगरातली, वर्षाची फी ९ लाख ६० हजार, ५०% मदत, गरजेवर आधारित. दुसरी आपल्याकडचीच, सातारा-पाचगणी बाजूची, फी ६ लाख ८० हजार, २५% मेरिट स्कॉलरशिप. घरचं उत्पन्न साधारण १८ लाख, मिस्टर ऐरोलीला आयटीत, तुम्ही घरी ट्यूशन घेता, होम लोन चालू आहे, ठाण्यात नौपाड्यातली सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेल्यामुळे सध्या भाड्याच्या घरात आहात. मिस्टरांचं म्हणणं ५०% मिळतायत तर विचार कसला करायचा. आणि तुम्हाला भीती वाटतेय की अजून थोडी मदत मागितली तर आहे ती ऑफरसुद्धा काढून घेतील.

मी बरीच वर्षं एका निवासी शाळेच्या अकाउंट्समध्ये होते, फी-सवलतीच्या अर्जांची कागदपत्रं तपासून कमिटीपुढे ठेवायचं काम माझ्याकडे असायचं. आता ठाण्यातच असते आणि ओळखीतल्या पालकांना हे अर्ज भरायला मदत करते. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू पाहिल्यात. कोणती शाळा चांगली हे मी सांगणार नाही, तो निर्णय तुमचा आणि मुख्य म्हणजे मुलीचा. पैशाचं मात्र सांगू शकते.

तुम्ही विचारलंय कोणती मदत जास्त आहे. पण तुम्हाला खरं ठरवायचंय ते हे, की मुलगी शाळा सोडेपर्यंत आपल्या खिशातून एकूण किती जाणार, आणि मध्येच घरची परिस्थिती बदलली तर ही मदत टिकणार की जाणार. टक्क्याचा आकडा या दोन्हीचं उत्तर देत नाही.

आधी तो टक्का कशावर आहे ते बघा. पहिल्या शाळेच्या पत्रात लिहिलंय, "ट्यूशन फीवर ५० टक्के सवलत, दरसाल रु. २,७०,०००". आता त्यांचा फीचा तक्ता घ्या: ट्यूशन ५ लाख ४० हजार, राहणं-जेवण ३ लाख, वार्षिक चार्जेस १ लाख २० हजार. म्हणजे सवलत फक्त पहिल्या ओळीवर आहे. ९ लाख ६० हजारातले २ लाख ७० हजार म्हणजे जेमतेम २८%. तुम्ही भरणार ६ लाख ९० हजार. दुसऱ्या शाळेच्या पत्रात "एकूण वार्षिक फीवर २५ टक्के" असं स्पष्ट आहे, म्हणजे १ लाख ७० हजार कमी, तुम्ही भरणार ५ लाख १० हजार. तेव्हा ५० विरुद्ध २५ असं नाहीचे, २८ विरुद्ध २५ आहे आणि तेसुद्धा वेगवेगळ्या फीवर. महिन्यावर आणलं तर पहिली ५७ हजार ५००, दुसरी ४२ हजार ५००. मिस्टरांना हे दोन आकडे दाखवा, कारण ईएमआय आणि पगार दोन्ही महिन्याचे असतात, घरात डोकं महिन्याच्याच हिशोबाने चालतं.

शाळा फसवतायत असं नाही हं. निवासी शाळेत मेसचं धान्य, गॅस, वॉर्डन, दवाखाना हा खर्च प्रत्येक मुलामागे खरोखर होतो आणि तो कमी करता येत नाही, त्यामानाने ट्यूशनमध्ये हात आखडता घेणं सोपं जातं, कारण शिक्षक पंचवीस मुलांना शिकवतात तसेच सव्वीसाव्यालाही शिकवतात. म्हणून बऱ्याच शाळा सवलत ट्यूशनवरच देतात. फक्त पालकाने ते वाचताना लक्षात ठेवायचं.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते तुमच्या केसमध्ये हीच सगळ्यात मोठी आहे. पहिल्या पत्रात टक्के लिहिलेत आणि पुढे रुपयांत आकडाही लिहिलाय. पुढच्या वर्षी फी वाढली तर मदत वाढणार का, की २ लाख ७० हजारच राहणार? हे पत्रात कुठेच नाही. निवासी शाळांची फी दरवर्षी वाढते, कुठे ७-८ टक्के, कुठे १० च्या वर. आपण मधला ९% धरू. सहाव्या वर्षी, म्हणजे मुलगी बारावीत असताना, पहिल्या शाळेची फी होते सुमारे १४ लाख ७७ हजार. मदत तेवढीच राहिली तर तुम्ही भरणार १२ लाख ७ हजार, महिन्याला एक लाख! आज ५७ हजार वाटतायत ते सहा वर्षांत एक लाख, आणि त्याच सुमाराला तुमचा धाकटा मुलगाही मोठा होऊन हायस्कूलला आलेला असणार. दुसऱ्या शाळेत त्याच वाढीने बारावीला फी साधारण १० लाख ४६ हजार, २५% वजा करून ७ लाख ८५ हजार, म्हणजे महिन्याला ६५ हजार.

सहा वर्षांची बेरीज मी करून बघितली. पहिली शाळा, मदत रुपयांत गोठलेली: सुमारे ५६ लाख. पहिली शाळा, मदत फीबरोबर वाढत गेली: सुमारे ५२ लाख. म्हणजे पत्रातल्या त्या एका न लिहिलेल्या वाक्याची किंमत ४ लाखांच्या वर आहे. दुसरी शाळा, स्कॉलरशिप शेवटपर्यंत टिकली: ३८ लाखांच्या थोडं वर. आणि समजा दुसऱ्या शाळेतली स्कॉलरशिप आठवीनंतर गेली, पुढची चार वर्षं पूर्ण फी भरावी लागली, तरी ४७ लाख ६० हजारांच्या आसपास. बघा, स्कॉलरशिप गमावूनसुद्धा दुसरी शाळा पहिलीपेक्षा स्वस्तच पडते. ही बेरीज तुम्ही स्वतः एक्सेलमध्ये करून बघा, वाढ ९ च्या जागी ७ आणि ११ टाकून बघा, आकडे हलतील पण क्रम बदलणार नाही.

बेरजेत अजून धरलेलं नाही ते एकदाच भरायचे पैसे. पहिल्या शाळेची अ‍ॅडमिशन फी दीड लाख, परत न मिळणारी. डिपॉझिट ३ लाख, परत मिळणारं पण बिनव्याजी. इम्प्रेस्ट खात्यात, म्हणजे मुलीच्या किरकोळ खर्चासाठी शाळेकडे ठेवायच्या पैशांत, ५० हजार आगाऊ. गणवेश, ट्रंक, गादी-रजई, थंडीचे कपडे मिळून तुम्हीच ४० हजार अंदाज लिहिलाय. म्हणजे पहिल्या वर्षाची ६ लाख ९० हजार फी धरून मुलगी शाळेच्या गेटातून आत जायच्या आधी १२ लाख ३० हजारांची सोय हवी. दुसरीकडे ७५ हजार अ‍ॅडमिशन, १ लाख डिपॉझिट, ३० हजार इम्प्रेस्ट, कपडे-सामान २५ हजार आणि पहिल्या वर्षाची फी धरून ७ लाख ४० हजार. डिपॉझिट परत मिळतं म्हणून लोक ते खर्चात धरत नाहीत, पण ३ लाख सहा वर्षं ७% च्या एफडीत असते तर साडेचार लाख झाले असते, तेव्हा ते दीड लाख खर्चच समजा. आणि ही रक्कम कुठून आणणार? पीएफ काढून, की सोन्यावर कर्ज काढून? त्याचंही व्याज या शाळेच्याच नावावर मांडायला हवं.

आता इम्प्रेस्टबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बाहेरून हे कोणाला दिसत नाही. इम्प्रेस्ट म्हणजे मुलाच्या नावाने शाळेकडे ठेवलेले पैसे, त्यातून वह्या, केस कापणं, औषधं, टक शॉप म्हणजे शाळेतलं खाऊचं दुकान, धोब्याकडचं जास्तीचं, स्पर्धांच्या फी, सहलींचे पैसे वळते होतात, आणि सत्र संपलं की यादी येते. मदतीची टक्केवारी यावर कधीच लागत नाही, निदान मी तरी पाहिलेली नाही. साध्या गोष्टींचे फार होत नाहीत. खरा ताण येतो तो ऐच्छिक सहलींचा. नववीत सिंगापूर किंवा युरोपची एक्स्चेंज ट्रिप निघते, फॉर्मवर ऐच्छिक लिहिलेलं असतं, पण अर्धी डॉर्म निघालेली असते आणि मुलगी सुट्टीत घरी येते तेव्हा जेवताना गप्प असते. आमच्याकडे एक वडील दर सत्राला यादी घेऊन यायचे, मुलीला मोठी सवलत होती, फीचं त्यांनी नीट प्लॅनिंग केलेलं, पण यादीतल्या एकेका ओळीवर बोट ठेवून विचारायचे हे का, ते का. प्रामाणिक माणूस, भांडायचे नाहीत, पण त्यांना हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून दोन्ही शाळांना एक साधी मागणी करा: मागच्या वर्षी सातवी आणि नववीच्या सरासरी मुलाचा इम्प्रेस्टचा खर्च किती झाला. सांगतात. चांगली शाळा तर लगेच सांगते. आणि हेही विचारा की मदतीवरच्या मुलांसाठी सहलींचा काही वेगळा फंड आहे का. काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांनी असा फंड ठेवलेला असतो, पण विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही.

प्रवासाचं तुम्हीच मोजा. पाचगणीच्या बाजूला तुम्ही सकाळी ठाण्याहून निघून मुलीला भेटून रात्री परत येऊ शकता. उत्तरेला दोघांचं विमान, पुढे टॅक्सी, हॉटेल, आणि मिस्टरांची रजा. मुलगी तापाने आजारी पडली असं वॉर्डनचा फोन आला की काय वाटतं ते तेव्हा कळतं.

इथपर्यंत वाचून वाटेल की निर्णय झाला, दुसरीच घ्यायची. थांबा जरा. पहिल्या शाळेच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे.

गरजेवर आधारित मदत आणि मेरिट स्कॉलरशिप यांचा स्वभावच वेगळा. गरजेवरची मदत दरवर्षी घरच्या कागदांवर ठरते. मिस्टरांचा पगार वाढला तर ती कमी होऊ शकते, पण देव न करो नोकरीत काही झालं तर तुम्ही फेरविचाराचा अर्ज करू शकता आणि शाळा सहसा तो ऐकून घेते, कारण मदतीचा पायाच तो आहे. मेरिट स्कॉलरशिपला घरच्या परिस्थितीशी घेणंदेणं नसतं. पगार दुप्पट झाला तरी २५% तुमचेच, पण पगार बंद झाला तरी २५% च, आणि मुलीचे मार्क घसरले तर तेही नाहीत. ऐरोली-महापेच्या कंपन्यांमध्ये गेल्या काही वर्षांत काय चाललंय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. ज्या घरात एकच मोठा पगार आहे तिथे हा मुद्दा हलका धरू नका. तेव्हा पहिल्या शाळेला लेखी विचारा की वर्षाच्या मधे उत्पन्न थांबलं तर काय प्रक्रिया आहे, आधीच्या वर्षांत अशी मदत वाढवून दिलीय का. आणि दुसऱ्या शाळेला विचारा की मेरिटशिवाय अडचणीच्या काळासाठी वेगळा मदत निधी आहे का. दुसऱ्या शाळेचं उत्तर हो आलं तर माझ्या दृष्टीने तुलनेचा निकाल लागलाच. नाही आलं तर मग तुमच्याकडे सहा-आठ महिन्यांची फी बाजूला ठेवायची ताकद आहे का ते बघावं लागेल.

मेरिटच्या अटीही नीट वाचा. तुमच्या पत्रात "समाधानकारक प्रगती" एवढंच आहे. समाधानकारक म्हणजे काय, ८५%? वर्गात पहिल्या पाचात? की फक्त नापास न होणं? घरून पहिल्यांदा बाहेर पडलेलं अकरा-बारा वर्षांचं मूल पहिल्या सत्रात मागे पडतंच, हे मी दरवर्षी पाहिलंय, झोप लागत नाही, आईची आठवण येते, शाळेचं इंग्रजी वेगळं वाटतं. त्या सत्रावर स्कॉलरशिप अवलंबून असेल तर ते मुलीच्या डोक्यावर ओझं होतं. शाळेला विचारा की पहिलं वर्ष रिव्ह्यूमधून वगळता येईल का, बऱ्याचदा ऐकतात.

किती वर्षांचा हिशोब करायचा हेही घरात मोकळेपणाने बोला. आपल्या ठाण्यातली किती मुलं बोर्डिंगला जातात आणि दहावीनंतर जेईई-नीटच्या क्लाससाठी परत येतात! तुमचा विचार तसा असेल तर सहा नाही, चारच वर्षं धरा: पहिली (मदत रुपयांत गोठलेली धरून) सुमारे ३३ लाख, दुसरी सुमारे २३ लाख, आणि मग अ‍ॅडमिशन फीचा दीड लाखाचा भारही चारच वर्षांत बसतो. काही शाळांमध्ये मदत दहावीपर्यंतच असते आणि अकरावीला नवीन अर्ज करावा लागतो, तेही विचारून घ्या. अजून एक रस्ता माहीत असू द्या. मुळशीजवळचं यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेज, १९९७ साली सुरू झालेलं, अकरावी-बारावीच्या वयाच्या मुलांसाठी दोन वर्षांचा आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा, तिथे आधी निवड होते आणि मग घरची गरज बघून मदत ठरते. मुलगी हुशार आहे म्हणताय, तर आत्ता सगळी गंगाजळी संपवून टाकण्यापेक्षा अकरावीसाठी असा पर्याय उघडा ठेवणं मला जास्त पटतं.

कोणीतरी तुमच्या धाग्याखाली सैनिक स्कूलचं लिहिलंय. तो चांगला पर्याय आहे, साताऱ्याचं १९६१ चं आहे आणि आता मुलींनाही घेतात, पण प्रवेश सहावीला आणि नववीला, अखिल भारतीय परीक्षेतून. तुमची मुलगी सातवीत जातेय, म्हणजे आता नववीचाच दरवाजा. खाजगी संस्थांच्या भागीदारीतल्या नवीन सैनिक स्कूलमध्ये सरकारकडून फीच्या निम्मी, पण जास्तीत जास्त वर्षाला ४०,००० पर्यंत मदत मिळते, वर्गातल्या निम्म्या मुलांना, गुण आणि उत्पन्न दोन्ही बघून. त्या शाळेची फी बघून मगच ठरवा की ४० हजारांनी किती फरक पडतो.

आता मागण्याबद्दल. नाही, नीट मागितलं तर सहसा ऑफर काढून घेत नाहीत. अर्ज करताना मदत मागितल्याने प्रवेशावर परिणाम होतो का, हा वेगळा प्रश्न आणि तो शाळेगणिक बदलतो. अमेरिकेत फिलिप्स अ‍ॅकॅडमी अँडओव्हरने २००७ मध्ये आणि फिलिप्स एक्सेटरने २०२१ मध्ये जाहीर केलं की प्रवेश ठरवताना घरची पैशाची परिस्थिती बघणारच नाही, पण एवढा निधी असलेल्या शाळा जगात मोजक्या. बाकी सगळीकडे वर्षाचा ठरलेला मदत निधी असतो आणि तो वाटायचा असतो. तुमचा प्रवेश तर झालेलाच आहे. आता तुम्ही विचाराल ते फक्त निधीत काही उरलंय का एवढंच. आणि उरतं, कारण ऑफर मिळालेली सगळी मुलं येत नाहीत, त्यांचं सुटलेलं परत निधीत येतं. म्हणून डिपॉझिटच्या तारखेच्या आठवडाभर आधी विचारणं चांगलं, तारखेनंतर विचारण्यात अर्थ नाही.

कमिटीला काय पटतं ते सांगते. "अमुक शाळा जास्त देतेय, तुम्हीही द्या" असं लिहिलेलं कोणाला आवडत नाही, बाजारात भाव करावा तसं वाटतं. पटतं ते तुमच्या कागदात न दिसलेलं काहीतरी दाखवलेलं. आणि तुमच्या बाबतीत तसं नक्की आहे, कारण रिडेव्हलपमेंट! बिल्डर अकरा महिन्यांचं भाडं एकदम देतो, शिफ्टिंगचे पैसे देतो, ब्रोकरेज देतो, ते सगळं बँक स्टेटमेंटमध्ये जमा म्हणून दिसतं. तपासणाऱ्याला डेहराडूनला किंवा उटीला बसून हे कळत नाही, त्याला दिसतं की खात्यात चार-पाच लाख जास्तीचे आले. तो ते उत्पन्नात धरतो. तुम्ही बिल्डरबरोबरच्या करारातलं भाड्याचं पान आणि सध्याच्या घराचं लीव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंट दोन्ही जोडा आणि एका ओळीत लिहा की आलेलं भाडं घरमालकाला जातं, वर आमच्या खिशातून इतके पडतात. कॉर्पस, म्हणजे बिल्डरकडून एकरकमी मिळणारी रक्कम, मिळाला असेल तर तोही लपवू नका, कशासाठी ठेवलाय ते लिहा.

तसंच गावच्या जमिनीचं. तुम्ही लिहिलंय की फॉर्ममध्ये जुन्नरची जमीन टाकली आणि अंदाजे बाजारभाव लिहिला. सातबाऱ्यावर नावं किती आहेत? सासऱ्यांचे भाऊ, आत्या, चुलत मंडळी धरून दहा-बारा नावं असतील तर तुमचा हिस्सा किती आणि तो विकता येतो का, हे लिहायला हवं होतं. फॉर्ममध्ये फक्त "मालमत्ता" असा रकाना असतो, त्यात पूर्ण शेताची किंमत गेली की तुम्ही कागदावर एकदम श्रीमंत दिसता. सातबारा जोडा, नावांवर खूण करा, वाटणी झालेली नाही असं लिहा, शेतीचं खरंखुरं उत्पन्न किती येतं तेही लिहा. सासूबाईंच्या डायलिसिसचा उल्लेख तुम्ही धाग्यात केलाय पण अर्जात केलाय का? हॉस्पिटलची मागच्या सहा महिन्यांची बिलं लावा. विम्यातून किती आले आणि खिशातून किती गेले ते वेगळं दाखवा.

आणि ट्यूशनचं उत्पन्न. रोख येतं म्हणून सोडून दिलं असेल तर ते लिहा, प्लीज. यूपीआयने येणारं स्टेटमेंटमध्ये दिसतंच, आणि मी सांगते, तपासणारी माणसं रोज हेच काम करतात, एक न सांगितलेली जमा सापडली की बाकी सगळ्या खऱ्या कागदांवरचा विश्वासही जातो. उलट आईने स्वतःहून महिन्याला १५-२० हजार लिहिलेत हे वाचून कमिटीचा सूर बदलतो.

पत्र एका पानाचं करा. साधारण असं: "आमच्या मुलीला तुमच्या शाळेत प्रवेश आणि २,७०,००० रुपयांची मदत मिळाली, त्याबद्दल आभारी आहोत. अर्जाच्या वेळी पुढील तीन बाबी आम्ही नीट मांडल्या नव्हत्या, त्यांची कागदपत्रं सोबत आहेत. आम्ही दरसाल पाच लाखांपर्यंत भरू शकतो आणि सहाही वर्षं भरू, याची खात्री देतो. उरलेल्या रकमेचा फेरविचार करावा. तसंच ही मदत फीवाढीबरोबर वाढणार का, हे लेखी कळवावं." स्वतःचा आकडा लिहायला लाजू नका. जे पालक "जितकं जमेल तितकं द्या" लिहितात त्यांच्या बाबतीत कमिटीला ठरवायला काहीच धागा मिळत नाही, ज्यांनी "आम्ही एवढे देऊ" लिहिलं त्यांची फाइल लवकर हलते.

टॅक्स आणि कर्जाचं पटकन सांगते. ट्यूशन फीला ८०सी ची वजावट मिळते ती जुन्या कररचनेत, दीड लाखाच्या एकूण मर्यादेत, आणि फक्त ट्यूशनला, हॉस्टेल-मेसला नाही. तुमची दीड लाखाची मर्यादा पीएफ आणि होम लोनच्या मुद्दलातच भरत असेल तर हा फायदा मनातून काढून टाका, आणि मिस्टर नव्या कररचनेत असतील तर प्रश्नच मिटला. शाळेच्या फीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर ८०ई लागू होत नाही, ती वजावट बारावीनंतरच्या शिक्षणासाठी आहे. फी हप्त्यात पाडून देणाऱ्या कंपन्यांची पत्रकं शाळेच्या लिफाफ्यात येतात, त्यावर "फी असिस्टन्स" असं छापलेलं असतं. ते कर्ज आहे, मदत नाही, त्याला मदतीच्या रकान्यात लिहू नका.

माझं मत विचाराल तर, आज हातात जे कागद आहेत त्यावर दुसरी शाळा. पहिलीने मदत संपूर्ण फीवर केली किंवा फीबरोबर वाढवत नेण्याचं लेखी दिलं, आणि मुलीचा जीव त्याच शाळेत अडकलेला असेल, तर मग परत बसून आकडे मांडू. मदतीवरच्या मुलांची नावं बाकीच्यांना कळतात का, हेही दोन्हीकडे विचारा, बहुतेक शाळा हे गुप्त ठेवतात, पण विचारलेलं बरं.

पहिल्या शाळेच्या डिपॉझिटची तारीख तुम्ही २५ लिहिलीय. सोमवारीच मेल करा, आणि मेल गेल्यावर दुपारी अकाउंट्स ऑफिसला फोन करा, प्रवेश विभागाला नको, फीवाढ आणि इम्प्रेस्टची उत्तरं अकाउंट्सवालेच देतील. बिल्डरच्या कराराचं कोणतं पान लावायचं कळत नसेल तर नावं खोडून इथे टाका, मी बघते.